वायफायचा डोंगल लावलेला असला की कॉम्प्युटर बंदच होत नाही (लिनक्स मिंट): मदत हवी

गोधडी | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बाबा निवृत्तीनंतर खारेगावला (कळवा) आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर छोटी अभ्यासिका चालवतात. पोलीस भरती, तलाठी, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं येतात. तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स मिंट २१.३ घालून दिलंय. सभासदांची यादी आणि फीचा हिशोब लिब्रे ऑफिसमध्ये आहे, आणि मुलं हॉल तिकीट वगैरे त्याच्यावरूनच काढतात.

राउटर वर घरात आहे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून यूएसबी वायफाय डोंगल आणला. दुकानातल्या मुलाने ड्रायव्हरही घालून दिला. नेट छान चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून रात्री शटडाउन दिलं की स्क्रीनवर मिंटचा लोगो येतो आणि तिथेच थांबतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही फरक नाही. साडेनऊला अभ्यासिका बंद करायची असते, बाबा वाट बघून शेवटी बोर्डवरचं बटण बंद करतात.

गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. काळ्या स्क्रीनवर 'इनिट्रॅमएफएस' असं लिहून आलं. दोन्ही वेळा मी फोनवरून बाबांना 'एफएससीके' (डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा) टंकायला सांगितलं आणि सगळं परत मिळालं. पण दुसऱ्या वेळी हिशोबाच्या फाईलमधली शेवटच्या दिवसाची नोंद गेली होती. बाबांना आता त्या मशीनला हात लावायची धास्ती वाटते आणि मला ते बघवत नाही. कुठून सुरुवात करू?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

ताई, आधी काहीही बदलू नका. नेमकं कुठे अडकतंय ते कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय म्हणजे अंधारात ढेकूळ मारणं आहे.

दोन गोष्टी करा.

एक, डोंगल काढून शटडाउन द्या. मग डोंगल लावून द्या. दोन्हींची वेळ घड्याळ लावून मोजा. दोष खरंच डोंगलचा आहे की योगायोग, हे यातच कळेल.

दोन, लोगो आला की एस्केप दाबा. लोगोच्या मागे ओळी सरकत असतात त्या दिसतील. शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. तिथे 'रिबूट: पॉवर डाउन' अशी ओळ येऊनही दिवा चालू राहत असेल तर दोष बायोसकडचा (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर), प्रकार पूर्ण वेगळा. 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ असेल तर पुढे कोणाचं नाव आहे ते महत्त्वाचं.

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टंका.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ११:४१

मला असाच त्रास होता. सिस्टिमडी (लिनक्स सुरू-बंद होताना सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) याच्या सिस्टिम.कॉन्फ फाईलमध्ये 'डीफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक' ९० सेकंदांचं असतं. मी ते १० केलं आणि प्रश्न संपला. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ७:०५

खाडीकाठ, तुमच्याकडे प्रश्न संपला कारण तुमची सेवा फक्त रेंगाळत होती. इथे दहा मिनिटांनीही बंद होत नाही म्हणतायत, म्हणजे ९० सेकंदांची मुदत कधीच उलटून गेली. मुदत संपल्यावर सिस्टिमडी त्या प्रोसेसला 'सिगकिल', म्हणजे सक्तीने बंद करायचा इशारा, पाठवतो. पण प्रोसेस कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) आत 'डी' अवस्थेत, म्हणजे एखाद्या हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत झोपलेली असेल, तर सिगकिलही तिच्यापर्यंत पोचत नाही. मुदत १० करा की १ करा, तिच्यावर काही परिणाम नाही.

गोधडी, कारण सापडेपर्यंत वडिलांसाठी एक गोष्ट आजच करा, कारण डिस्क वाचवणं सगळ्यात आधी. अडकलेल्या स्क्रीनवर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं आणि एस दाबायचं. पाच सेकंद थांबायचं. मग तसंच धरून यू. परत पाच सेकंद. मग बोर्डवरचं बटण खुशाल बंद करावं.

एसने मेमरीत राहिलेलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते. त्यानंतर वीज गेली तरी फाइल सिस्टिमला धक्का लागत नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये ही सोय आधीपासून चालू असते. यातल्या कोणत्या कळा चालतील हे 'कर्नल.सिसआरक्यू' ही सेटिंग ठरवते, तिथे तिची किंमत १७६ असते: १६ म्हणजे सिंक, ३२ म्हणजे रीड-ओन्ली, १२८ म्हणजे रीबूट आणि पॉवर ऑफ. या तिघांची बेरीज. नेटवर 'आर ई आय एस यू बी' असा लांब मंत्र दिलेला असतो, पण त्यातलं ई आणि आय यांना ६४ लागतं, ते १७६ मध्ये नाही. म्हणून एस आणि यू एवढंच लक्षात ठेवायला सांगा.

---

गोधडी | मंगळवार, सकाळी ७:३०

अनुस्वार काका, मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. खूप धन्यवाद. बाकीचं आज रात्री बघते.

---

मोगरा_वाशी | मंगळवार, दुपारी १:१५

एक शंका. नेटवर्कवरचं एखादं फोल्डर, म्हणजे सांबा किंवा एनएफएस, माउंट केलेलं आहे का? वायफाय आधी बंद झालं आणि ते फोल्डर नंतर सोडायला घेतलं, तर पलीकडून उत्तर येत नाही आणि शटडाउन असंच लटकतं. आमच्या ऑफिसमध्ये हेच झालं होतं. दोष वायफायवर ढकलला, निघाला वेगळाच.

---

गोधडी | मंगळवार, रात्री १०:३५

मोगरा, तसं काही नाही. प्रिंटर आहे, तोही यूएसबीवर.

मोजलेलं सांगते.

डोंगल काढून: ६ सेकंदांत बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा.
डोंगल लावून: अडकतं. दोनदा केलं.
आणखी एक, लॉगिनच्या स्क्रीनवरून लगेच शटडाउन दिलं तर डोंगल असूनही बंद होतं. अर्धा तास चालू राहिल्यावर अडकतं. हे मला आजच कळलं.

एस्केप दाबल्यावर दिसलेल्या ओळी फोटोवरून उतरवते:

«अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर डब्ल्यूपीए सप्लिकंट» (वायफाय जोडणारा प्रोग्राम), पुढे ९० सेकंदांची मोजणी. ती संपल्यावर परत मोजणी. मग नेटवर्क मॅनेजरच्या नावाने तेच. आणि शेवटी «वेटिंग फॉर प्रोसेस: डब्ल्यूपीए सप्लिकंट». त्यानंतर काहीच नाही.

एस आणि यू दाबून बंद केलं. सकाळी एफएससीके लागणार नाही अशी आशा आहे.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

ही माहिती सोन्यासारखी आहे, विशेषतः अर्ध्या तासाची. नुकतं सुरू झालेलं मशीन बंद होतं आणि थोडा वेळ गेलेलं अडकतं, म्हणजे मधल्या काळात डोंगल काहीतरी करतोय. बहुतेक वीज वाचवायला झोपी जातोय आणि निरोपाच्या वेळी उठत नाहीये.

आता आत डोकावू. आज मशीन सुरू झाल्यावर 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट डीबग-शेल' द्या. कंट्रोल-ऑल्ट-एफ९ वर एक टर्मिनल उघडतं, ते शटडाउनच्या शेवटापर्यंत जिवंत राहतं. अडकलं की एफ९ वर जा आणि दोन गोष्टी करा:

'आयपी लिंक' टंका. यादी येते का बघा.
'इको डब्ल्यू' हे '/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर' मध्ये पाठवा, मग 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी) बघा. अडकून पडलेल्या प्रत्येक प्रोसेसचा माग त्यात येतो.

शिवाय 'एलएसयूएसबी' (यूएसबीवरच्या उपकरणांची यादी) आणि 'डीकेएमएस स्टेटस' (बाहेरून कंपाइल करून घातलेले ड्रायव्हर) यांचं उत्तर आणि 'यूनेम -आर' (कर्नलची आवृत्ती) इथे टाका.

सावध: या टर्मिनलला पासवर्ड नसतो, थेट रूट असतं, म्हणजे सगळे अधिकार. अभ्यासिकेत मुलं बसतात, तेव्हा 'एनेबल' करू नका, दर वेळी 'स्टार्ट'च करा.

---

गोधडी | बुधवार, रात्री ११:०८

सकाळी मशीन सरळ सुरू झालं! बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं.

उत्तरं:

यूनेम: ५.१५ मालिकेतला कर्नल.
एलएसयूएसबी: ०बीडीए:सी८११, '८८२१सीयू' असं दिसतं.
डीकेएमएस स्टेटस: '८८२१सीयू' नावाचं मॉड्यूल, इन्स्टॉल्ड. दुकानातल्या मुलाने कुठून तरी उतरवून कंपाइल केलेलं.

अडकल्यावर एफ९ वर 'आयपी लिंक' दिलं. काहीच आलं नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहिला आणि ते टर्मिनलही गोठलं. मशीन परत सुरू करून, अर्धा तास थांबून दुसऱ्यांदा केलं, या वेळी आधी सिसआरक्यूची आज्ञा. डीमेसेजमध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंट 'डी' अवस्थेत, मागात ८८२१सीयूचीच दोन-तीन नावं आणि सगळ्यात वर 'यूएसबी_किल_यूआरबी'. नेटवर्क मॅनेजरच्या मागात 'आरटीएनएल_लॉक'. याचा अर्थ काय?

---

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ६:५०

अर्थ अगदी स्वच्छ आहे, आणि तुम्ही तो फार चिकाटीने मिळवलात.

कर्नलमध्ये नेटवर्कच्या मांडणीला हात लावायचा तर आधी एक कुलूप हातात घ्यावं लागतं, तेच आरटीएनएल. संपूर्ण मशीनला एकच. शटडाउनच्या वेळी डब्ल्यूपीए सप्लिकंट वायफायचा इंटरफेस बंद करायला जातो, कुलूप घेतलं जातं, ड्रायव्हरचं काम सुरू होतं. ड्रायव्हरने यूएसबीवर पाठवलेल्या विनंत्यांना यूआरबी म्हणतात. यूएसबी_किल_यूआरबी म्हणजे 'ही विनंती रद्द कर, आणि ती पूर्ण संपेपर्यंत मी थांबतो'. ती संपतच नाही. ड्रायव्हर कुलूप हातात घेऊन तसाच उभा. मागून नेटवर्क मॅनेजर आला, तो कुलपासाठी थांबला. तुम्ही आयपी लिंक दिलंत, तेही त्याच रांगेत. मग सिस्टिमडीची ९० सेकंदं, सिगकिल, पुन्हा ९० सेकंदं, सगळं वाया. शेवटी कर्नल स्वतः एकेक उपकरण बंद करायला घेतो तेव्हा परत त्याच डोंगलपाशी येऊन ठेपतो.

म्हणूनच मी परवा एस आणि यूवर थांबायला सांगितलं, ओ सांगितलं नाही. ओने मशीन बंद होतं खरं, पण तेही उपकरणं रीतसर बंद करण्याच्या वाटेनेच जातं आणि तिथेच अडकू शकतं.

डोंगल खराब नाही. ५.१५ च्या कर्नलमध्ये या चिपच्या यूएसबी आवृत्तीला ड्रायव्हर नव्हताच, त्यामुळे दुकानातल्या मुलाचीही चूक म्हणता येणार नाही. त्याने बाहेरचा ड्रायव्हर घालून नेट चालू करून दिलं. पण तो कर्नलच्या बाहेर वाढलेला कोड आहे. त्याची प्रत जितकी जुनी तितकी अशी दुखणी जास्त.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:३०

काकांना पूर्ण अनुमोदन. आता उपाय, दोन टप्प्यांत.

तात्पुरता: शटडाउनच्या आधीच डोंगलला नीट निरोप द्यायचा. एक छोटी सिस्टिमडी सेवा लिहा. टाइप 'वनशॉट', 'रिमेन आफ्टर एक्झिट' येस, 'एक्झेक स्टॉप' मध्ये आधी 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ' आणि मग 'मॉडप्रोब -आर ८८२१सीयू' (ड्रायव्हर उतरवायची आज्ञा). 'वॉन्टेड बाय' मल्टी-यूजर टार्गेट, आणि 'एनेबल' करून चालूही करा, सुरू न झालेल्या सेवेचा स्टॉप चालत नाही.

कायमचा: कर्नल बदला. ६.२ पासून (फेब्रुवारी २०२३) 'आरटीडब्ल्यू८८' या कर्नलमधल्याच ड्रायव्हरला यूएसबीच्या चिप चालवता येतात, तुमची ८८२१सीयू त्यात आहे. मिंट २१.३ मध्ये अपडेट मॅनेजर उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'लिनक्स कर्नल्स', तिथे ६.८ मिळेल. सगळी सिस्टिम नव्याने घालायची गरज नाही.

---

खाडीकाठ | गुरुवार, दुपारी २:००

काका, समजावून सांगितल्याबद्दल आभार. माझ्याकडे कोणती सेवा रेंगाळत होती ते मी कधी बघितलंच नव्हतं. आज बघतो.

त्या सेवेत 'बिफोर = नेटवर्क मॅनेजर' लिहायचं ना? आधी आमची सेवा, मग नेटवर्क मॅनेजर बंद, असं हवंय म्हणून विचारतो.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:२५

चांगलं विचारलंत, मी लिहायला विसरलो आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. 'आफ्टर' लिहायचं. हा क्रम सुरू होण्याचा असतो. बंद होताना सिस्टिमडी तो उलटा करतो. नेटवर्क मॅनेजरनंतर सुरू झालेली सेवा त्याच्या आधी बंद होते. आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण रेडिओ बंद करायची आज्ञा नेटवर्क मॅनेजर जिवंत असतानाच चालते. 'आफ्टर'मध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंटचंही नाव घाला.

---

गोधडी | शुक्रवार, सकाळी ९:१२

काल रात्री सेवा घातली. शटडाउन ९ सेकंदांत! बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "झाला? खरंच झाला?"

पण आज सकाळी वायफायच बंद. एक मुलगी हॉल तिकीट काढायला आली होती, तिची परीक्षा उद्या आहे. बाबांनी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटसाठी मला वरून बोलावलं, पण मशीनला कुठलंच नेटवर्क दिसेना. शेवटी माझ्या मोबाइलवरूनच काढून दिलं. डोंगल गेला का?

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९:२०

नाही नाही, डोंगल ठीक आहे. चूक माझी. 'रेडिओ वायफाय ऑफ' ही अवस्था नेटवर्क मॅनेजर लक्षात ठेवतो, पुढच्या वेळीही बंदच ठेवतो. सेवेत 'एक्झेक स्टार्ट' म्हणून 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन' घाला. आत्ता हाताने तीच आज्ञा द्या, लगेच सुरू होईल. त्या मुलीला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहे.

---

गोधडी | शुक्रवार, सकाळी ९:३१

सुरू झालं. आणि दिलगिरी कसली, तुम्ही रात्रपाळी करून पहाटे चारला उत्तर लिहिलंय. तिचं काम झालं.

---

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ८:४०

कर्नल बदलण्याआधी एक महत्त्वाचं. जुना डीकेएमएस ड्रायव्हर आधी काढा. तो राहिला तर नवा कर्नल बसवताना तो नव्याने कंपाइल व्हायला जाईल आणि बहुधा त्रुटी देऊन सगळं मध्येच अडकवेल. 'डीकेएमएस रिमूव्ह' करून 'डीकेएमएस स्टेटस' रिकामं दिसतंय याची खात्री करा. मग '/इटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये जाऊन बघा, ड्रायव्हरच्या स्क्रिप्टने मागे ठेवलेली एखादी फाईल सापडेल. त्यात 'ब्लॅकलिस्ट' म्हणून आरटीडब्ल्यू८८ चं नाव असेल तर नवा ड्रायव्हर कधीच चढणार नाही.

रविवारी करा, निवांत. आणि हे चालू असताना नेट डोंगलवर नसेल, म्हणून मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग घ्या.

---

गोधडी | रविवार, संध्याकाळी ६:४५

झालं!! सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

सकाळी हिशोबाच्या फाईलची पेन ड्राइव्हवर प्रत घेतली. टेदरिंग लावलं, जुना ड्रायव्हर काढला. मॉडप्रोब.डीमध्ये खरंच एक ८८२१सीयू.कॉन्फ होती आणि तिच्यात ब्लॅकलिस्टची ओळ. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी दिवसभर शोधत बसले असते. फाईल हलवली, ६.८ बसवला, रीस्टार्ट.

डोंगल दिसलाच नाही. एलएसयूएसबीमध्ये सी८११ ऐवजी १ए२बी, आणि डेस्कटॉपवर सीडीसारखं एक चिन्ह. मग वाचलं की असे डोंगल आधी स्वतःला विंडोज ड्रायव्हरची सीडी म्हणून ओळख देतात आणि त्यांना वायफायच्या रूपात आणावं लागतं. ते काम 'यूएसबी-मोडस्विच' करतो. तो पॅकेज आमच्याकडे नव्हता, कदाचित जुन्या ड्रायव्हरसोबत मीच चुकून काढला. परत घातला, डोंगल काढून लावला, आला! एलएसमॉडमध्ये (चढलेल्या ड्रायव्हरची यादी) आता 'आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू'.

आधी वेग थोडा कमी वाटला आणि दोनदा जोडणी तुटली. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डीमधल्या फाईलमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह' ३ होतं, ते २ केलं, म्हणजे वीजबचत बंद. डोंगल मागच्या यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढून एक मीटरच्या वायरने टेबलावर, पुढच्या यूएसबी २ मध्ये लावला. दुपारपासून एकदाही तुटलं नाही.

तात्पुरती सेवा 'डिसेबल' करून काढून टाकली. आणि मुद्दाम तीन तास चालू ठेवून शटडाउन दिलं: ७ सेकंद.

---

मोगरा_वाशी | रविवार, रात्री ९:१०

वा! यूएसबी ३ चं लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. त्या पोर्टच्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास होतो, डोंगल वायरने दूर नेला की फरक पडतोच.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:५०

फार आनंद झाला. जुना ५.१५ कर्नल लगेच काढू नका, एखादा महिना राहू द्या. आठवडाभराने 'जर्नलसीटीएल -बी -१ -के' बघून कळवा, 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' अशी ओळ कुठे नाही ना. आणि सिसआरक्यूचा कागद मॉनिटरवरून काढू नका, विजेचा भरवसा नाही.

---

गोधडी | पुढचा सोमवार, रात्री १०:०५

आठवडा झाला. रोज ६ ते ८ सेकंद. लॉगमध्ये तशी एकही ओळ नाही, एफएससीके एकदाही लागलं नाही. कागद तिथेच आहे.

गेलेल्या दिवसाची नोंद बाबांनी पावत्यांच्या पुस्तकावरून परत भरली. आज त्यांनी स्वतः शटडाउन दिलं, स्क्रीन काळी होईपर्यंत थांबले, आणि मग बोर्डवरचं बटण बंद केलं. मी दारातच उभी होते.